रीलपासून श्रेयनामावलीपर्यंत : विनोदी लेखकांच्या नव्या वाटेचा आढावा

गेल्या दिवाळीत नालवाडीतल्या आमच्या शेजारच्या एका पोट्ट्यानं मला विचारलं, "काकाजी, रील टाकून टीव्हीत लिहायचं काम भेटते का हो?" त्याच्या फोनमध्ये साठेक छोटे व्हिडिओ होते, सगळे घरातच काढलेले. बाप तोच, आजी तोच, दूधवाला तोच आणि बँकेतला साहेबही तोच. अभिनयाची त्याला फारशी हौस नव्हती. दुसरं कोणी उभं राहायला तयार नाही म्हणून तो स्वतः कॅमेऱ्यापुढे जायचा. त्याला करायचं होतं ते लेखन, म्हणजे लोक हसतील असं लिहिणं आणि ते दुसऱ्या कुणीतरी चांगलं बोलणं. त्याच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येईना. म्हणून ही वाट आज कुठवर आली आहे, कोण काय म्हणतं आणि काय अजून ठरायचं आहे, हे एका जागी मांडतो आहे.

नालवाडी वर्धा शहराला चिकटलेलं गाव आहे. इथून मुंबईला जायचं तर विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्राम एक्सप्रेसची एक रात्र. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि रस्त्यानंही अंतर घटलं. पण मुंबईत सहा महिने काम मिळण्याची वाट बघत बसायचं तर खोलीचं भाडं, डबा आणि घरच्यांचा धीर लागतो. हे सगळं वर्ध्यातल्या मध्यमवर्गीय वा शेतकरी घराला आजही सहज परवडत नाही. मोबाइलनं मात्र एक शक्यता पुढे आणली : घरी बसून लिहायचं, गावातच चित्रित करायचं आणि ते मुंबईतल्या माणसाला दिसायचं. ही शक्यता किती खरी आहे, हाच या चर्चेचा गाभा आहे.

आधीची वाट

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पहिल्या दशकात विनायक चासकरांच्या 'गजरा'नं छोट्या नाटुकल्यांची गोडी लावली. चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या 'चिमणराव'मध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरात नेले. त्या काळी विनोदी लेखक टीव्हीवर यायचा तो तीन ठिकाणांहून : दिवाळी अंक आणि मासिकं, रंगभूमी आणि आकाशवाणी. वर्ध्याच्या लेखकाला त्यातलं जवळचं दार नागपूर आकाशवाणीचं. ते केंद्र १९४८ पासून होतं आणि तिथे संहिता पोस्टानंही पाठवता यायची.

पुढे खासगी वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) सुरू झाली. विनोदाला आठवड्याची ठरलेली जागा मिळाली. २०१० पासून 'फू बाई फू', ऑगस्ट २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या', २०१८ पासून सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' असे टप्पे सांगता येतात. या कार्यक्रमांना दर आठवड्याला नवं प्रहसन लागतं, म्हणजे लेखकांची भूक सतत असते. पण ती भागवणारी मंडळी बहुतांशी रंगभूमीवरून आली. एकांकिका स्पर्धा ही त्यांची शाळा. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. मुंबईत 'सवाई'सारख्या स्पर्धांनी हीच तालीम दिली. हास्यजत्रेत समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, श्रमेश बेटकर ही मंडळी लिहितातही आणि उभीही राहतात. हा लेखक-नट असा दुहेरी माणूस रंगभूमीचीच देणगी आहे.

दुसरी वाट स्पर्धात्मक कार्यक्रमांची. आयुर्वेदाचे डॉक्टर असलेले निलेश साबळे 'महाराष्ट्राचा सुपरस्टार'मधून पुढे आले आणि पुढे 'चला हवा येऊ द्या'चे लेखक, दिग्दर्शक आणि सूत्रसंचालक झाले. टीव्हीचं दार मोबाइलच्या आधीही बाहेरच्यांना उघडत होतं. मात्र ते उघडायला प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागे.

मोबाइल आल्यावर

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावात व्हिडिओ बघणं स्वस्त झालं. त्याच वर्षी सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 'भारतीय डिजिटल पार्टी' म्हणजे भाडिपा सुरू केली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचा 'कास्टिंग काऊच' आणि नंतर 'आई आणि मी' यांनी दाखवून दिलं, की टीव्हीवर जागा नसलेला मराठी विनोद यूट्यूबवर प्रेक्षक मिळवू शकतो. जवळपास त्याच काळात सातारा भागातून कोरी पाटीची 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरातून 'चांडाळ चौकडीच्या करामती' गाजल्या. खास रे टीव्हीनं जगातल्या बड्या नेत्यांच्या तोंडी गावरान मराठी घातली. यांतली गावाकडची मंडळी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत गेली नाहीत, तरी घराघरातल्या फोनवर पोहोचली.

२९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामची रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबची शॉर्ट्स भारतात सुरू झाली. टाळेबंदीत रिकाम्या बसलेल्या पोरांनी ती भरून काढली. इथे विनोदाचं माप बदललं. आधीच्या मालिका पंधरा-वीस मिनिटांच्या होत्या, आता पंधरा ते साठ सेकंदांत हसवायचं होतं.

टीव्हीनंही सोशल मीडियावरची गर्दी हेरली. 'चला हवा येऊ द्या'नं 'होऊ दे व्हायरल' हे पर्व केलं आणि राज्यभर चाचण्या घेऊन नव्या लोकांना मंचावर आणलं. २०२४ च्या 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात बारामतीजवळच्या मोढव्याचा सूरज चव्हाण, कोल्हापूरचे धनंजय पोवार आणि 'कोकण हार्टेड गर्ल' अंकिता वालावलकर हे सोशल मीडियावरचे चेहरे एकत्र आले. त्यातला सूरज विजेता झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदे यांच्या 'झापुक झुपूक'चा नायकही. मार्च २०२४ मध्ये थांबलेलं 'चला हवा येऊ द्या' जुलै २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनात परतलं, तेही पुन्हा नव्या कलाकारांच्या चाचण्या घेऊन.

यातून एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. वर आलेली बहुतेक नावं चेहऱ्यांची आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी आपलं आपण लिहिलं असेल, पण टीव्हीनं त्यांना घेतलं ते चेहरा म्हणून. निव्वळ लेखक म्हणून रीलमधून टीव्हीत गेलेल्याचं नाव सामान्य प्रेक्षकाला आठवत नाही. असे लेखक नाहीतच, असा याचा अर्थ लावायला नको. लेखक पडद्यावर दिसत नाही, एवढा मात्र नक्की लागतो. पुढची सगळी चर्चा या एका फरकाभोवती फिरते.

रील आणि प्रहसन : कामात फरक काय

हा फरक एका उदाहरणानं दाखवतो. वर्धा जिल्हा कापसाचा. समजा, आमच्या पोट्ट्यानं असं रील केलं :

बाप बाजार समितीतून घरी येतो. पोरगा विचारतो, "बाबा, कापसाले भाव भेटला का?" बाप टोपी काढून खाटेवर बसतो. "भाव नाही भेटला. भाऊ भेटला. म्हणे, भाऊ, पुढच्या हप्त्यात ये."

वीस सेकंदांत काम झालं. प्रेक्षक हसला, पुढे सरकला. शब्दाचा खेळ, वेदनेची टोचणी आणि ओळखीचं वातावरण हे सगळं त्यात आहे. आता हेच टीव्हीच्या आठ-दहा मिनिटांच्या प्रहसनात न्यायचं आहे. तिथे हा एक विनोद पहिल्या मिनिटात संपतो. उरलेल्या नऊ मिनिटांत काय?

प्रहसनाच्या लेखकाला आधी विचारावं लागतं : या बापाला भाव कशासाठी हवा आहे? समजा, पोरीचं लग्न आठ दिवसांवर आहे आणि मांडववाल्याला आज पैसे द्यायचं कबूल केलंय. मग मांडववाला येतो. बाप बायकोला आत पाठवतो, पोराला खोटं बोलायला लावतो, खत दुकानदार उधारी मागायला त्याच वेळी टपकतो. प्रत्येक जण त्याला "भाऊ" म्हणतो आणि भाव कुणीच देत नाही. दर वेळी तो शब्द जरा वेगळ्या अर्थानं येतो : आधी आदरानं, मग तगाद्यानं, मग धमकीनं. शेवटी मांडववाला दोर सोडायला लागतो तेव्हा बाप त्याचा हात धरतो आणि बाजार समितीतल्या अडत्याच्याच सुरात म्हणतो, "भाऊ, पुढच्या हप्त्यात ये." पहिल्या मिनिटाला त्याला ज्या वाक्यानं नाडलं, तेच वाक्य आता त्याच्या तोंडी आलं. प्रेक्षक हसता हसता थांबतो.

यासाठी लागणारं कौशल्य वेगळं आहे. पात्राची गरज, अडथळ्यांची चढती रांग, एका शब्दाचं पेरणं आणि उगवणं, चार-पाच नटांना वाटून दिलेलं काम, सेटवर उपलब्ध असलेलं एक दार आणि एक खाट. त्यावर वेळेचं बंधन. टीव्हीत हे महिन्यातून एकदा करून भागत नाही, दर आठवड्याला करावं लागतं. वाचनात नटाला एखादं वाक्य बसलं नाही, तर तिथल्या तिथे दुसरं द्यावं लागतं. रील लिहिणाऱ्याला यातलं पहिलं पाऊल, म्हणजे विनोदाचं बीज, उत्तम जमतं. पुढची पावलं रील शिकवत नाही, हे रीलच्या बाजूनं बोलणारेही मान्य करतात.

चार मतं

या प्रश्नावर आज ढोबळमानानं चार मतं ऐकू येतात. प्रत्येकाला आधार आहे.

पहिलं मत सांगतं, की सोशल मीडिया हेच आता खरं दार. पूर्वी ओळख नसलेल्या लेखकाची संहिता कुणी उघडून वाचायचं नाही. आता पोराच्या पन्नास रीलमधून त्याची नजर, भाषा आणि सातत्य कुणालाही पाच मिनिटांत कळतं. प्रेक्षक हसतो की नाही याचा पुरावाही सोबतच असतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या लेखकाला मुंबईत न राहता स्वतःला सिद्ध करता येतं, हा या मताचा सर्वांत मोठा आधार. लेखकासाठी सरावाची फुकट शाळाही हीच. कुठे प्रेक्षक सोडून गेला हे आकडे सांगतात, आणि तो धडा कुठल्याही परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा नेमका असतो.

दुसऱ्या मताची मंडळी रंगभूमीची तालीम हाच पाया मानतात. एकांकिका स्पर्धेत चाळीस मिनिटं प्रेक्षक समोर बसतो. तो अंगठ्यानं सरकून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला धरून ठेवायची जबाबदारी लेखकावर येते. पात्र उभं करणं, दुसऱ्या नटासाठी लिहिणं, शांततेचा उपयोग हे तिथेच कळतं. मराठी विनोदी कार्यक्रमांतले टिकलेले लेखक पाहिले तर या मताला मोठाच आधार मिळतो. विदर्भापुरतं बोलायचं तर पूर्वेकडे झाडीपट्टीची रंगभूमी आजही दिवाळीनंतर उभी राहते. वडसा हे तिचं केंद्र. तिकीट काढून रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक तिथे आहे, आणि अशा प्रेक्षकापुढे घडलेला लेखक कुठेही उभा राहू शकतो, असं ही मंडळी म्हणतात.

तिसरं मत वेगळाच प्रश्न टाकतं : टीव्ही हवाच कशाला? भाडिपा, कोरी पाटी, चांडाळ चौकडी यांनी आपापला प्रेक्षक आणि आपापलं उत्पन्न उभं केलं. हिंदीत २०१० मध्ये सुरू झालेलं टीव्हीएफ यूट्यूबवर वाढलं आणि 'पर्मनंट रूममेट्स'नं २०१४ मध्ये वेब मालिकेची वाट रुंद केली. या मतानुसार टीव्ही हे आता अंतिम ठिकाण राहिलं नाही, अनेकांपैकी एक गिऱ्हाईक उरलं आहे. हास्यजत्रेचीच प्रहसनं तुकड्या-तुकड्यांनी यूट्यूबवर लाखो लोक बघतात. मग प्रेक्षकाच्या लेखी टीव्ही आणि मोबाइल यांत भिंत उरलीच कुठे?

चौथं मत सावध आहे. ते सांगतं, की सोशल मीडियावरचा लेखक फुकट कच्चा माल पुरवतो. त्याचा विनोद दुसरं पान उचलतं, तिसरा त्यावर ओठ हलवतो, चौथ्याच्या कार्यक्रमात तो ऐकू येतो आणि मूळ कुणाचा हे कुणी विचारत नाही. रोज काहीतरी टाकायच्या दडपणात लेखक एकाच साच्यात अडकतो. गाजलेलं पात्र सोडवत नाही. शिवाय इंटरनेटवरचं लेखन पुसलं जात नाही. अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'नं सप्टेंबर २०१९ मध्ये शेन गिलिस या विनोदवीराची निवड जाहीर केली आणि जुन्या पॉडकास्टमधली वंशद्वेषी विधानं बाहेर आल्यावर काही दिवसांत ती मागे घेतली. ज्या संग्रहानं लेखकाची ओळख होते, तोच त्याच्या वाटेत आडवा येऊ शकतो.

बाहेरचे दाखले

परदेशात ही वाट आपल्याआधी चोखाळली गेली. त्यातले काही दाखले वर्ध्याच्या लेखकाला जवळचे वाटतील.

ब्रायन डोनाल्डसन अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरियात राहत होता. मुंबईच्या मानानं वर्धा, तसं न्यूयॉर्कच्या मानानं पिओरिया. विमा कंपनीत नोकरी आणि फावल्या वेळात ट्विटरवर एका ओळीचे विनोद. 'लेट नाइट विथ सेथ मायर्स'चे मुख्य लेखक ॲलेक्स बेझ ते वाचत होते. २०१४ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हा डोनाल्डसन त्याच्या लेखकांत होता. चेहरा न दाखवता, फक्त लिहून गेलेला माणूस म्हणून हा दाखला मोलाचा आहे. मात्र यात एक गोष्ट विसरू नये. त्या कार्यक्रमाला रोज एका ओळीचे विनोद लागत होते आणि तो नेमकं तेच लिहीत होता.

दुसरा दाखला 'लोनली आयलंड' या तिघांचा. अँडी सॅमबर्ग, अकिवा शेफर आणि योर्मा टाकोने आपले छोटे व्हिडिओ इंटरनेटवर टाकत होते. २००५ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'नं सॅमबर्गला नट म्हणून आणि उरलेल्या दोघांना लेखक म्हणून घेतलं. पण मधे एक माणूस होता. एका पुरस्कार सोहळ्यासाठी त्यांनी जिमी फॅलन यांच्याकरता लिहिलं होतं आणि त्यांची शिफारस फॅलन यांनी केली. व्हिडिओनं ओळख पटवली, दार माणसानं उघडलं. इसा रे हिनं २०११ मध्ये यूट्यूबवर केलेल्या मालिकेची 'इनसिक्युअर' होऊन एचबीओवर यायला २०१६ उजाडलं. म्हणजे पाच वर्षं लागली.

याला उलटा दाखलाही आहे. जस्टिन हालपर्ननं २००९ मध्ये आपल्या वडिलांची फटकळ वाक्यं ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्यावर सीबीएस वाहिनीची मालिका आली आणि एका हंगामात संपली. एका ओळीचा बाप बावीस मिनिटं टिकला नाही. आमच्या 'भाव-भाऊ'च्या बापाला जी अडचण होती, तीच तिथेही आली.

ब्रिटननं मात्र तिसराच मार्ग दाखवला. बीबीसी रेडिओवरचा 'वीक एंडिंग' १९७० पासून १९९८ पर्यंत आणि 'न्यूजजॅक' २००९ पासून २०२१ पर्यंत चालला. दोन्ही कार्यक्रम कुणाही अनोळखी लेखकाची स्किटं आणि एका ओळीचे विनोद घ्यायचे. ओळख लागत नव्हती, चेहरा लागत नव्हता, अनुयायी लागत नव्हते. निवड झाली तर नाव घेतलं जायचं आणि मोबदलाही मिळायचा. मराठी वाहिन्यांनी नव्या नटांसाठी राज्यभर चाचण्या घेतल्या. लेखकासाठी असं कायमचं उघडं दार त्यांनी अजून केलेलं नाही.

बोलीचा प्रश्न

विदर्भातल्या लेखकासाठी या चर्चेला आणखी एक बाजू आहे. मालवणीला गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'नं १९८० पासून मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून रंगमंच मिळवून दिला आणि २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'नं ती रोजच्या मालिकेत आणली. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला'मुळे कोल्हापुरी बोली घराघरात गेली. वऱ्हाडीला विठ्ठल वाघांसारखे कवी लाभले आणि टीव्हीवर भारत गणेशपुरे यांनी तिचा ठसा उमटवला. पण ती ओळख प्रामुख्यानं एका नटाच्या तोंडून आली. वऱ्हाडीत विचार करून वऱ्हाडीत लिहिणारे लेखक टीव्हीच्या खोलीत किती बसतात, हा प्रश्न वेगळा.

हा केवळ अस्मितेचा मुद्दा नाही, कारागिरीचाही आहे. वरचं प्रहसन पुन्हा पाहा. "भाव नाही भेटला, भाऊ भेटला" हा विनोद उभा राहतो तो 'भेटणे' या एका क्रियापदावर. आमच्याकडे माणूसही भेटतो आणि भावही भेटतो. कुणी संपादकानं हे वाक्य प्रमाण मराठीत आणून "भाव मिळाला नाही, भाऊ भेटला" असं केलं, की विनोदाचा कणाच मोडतो. बोलीवर नुसतं "काऊन", "बाप्पा", "करून राह्यला" असं शिंपण करून हे साधत नाही. ज्याला ती बोली घरात ऐकू येते, तोच ती क्रियापदं ओळखतो.

सोशल मीडियानं इथे खरी कामगिरी केली आहे. वऱ्हाडी रील पुण्यात आणि नाशिकातही बघितली जातात, म्हणजे बोली कळणार नाही ही जुनी भीती बरीच ओसरली. दुसऱ्या बाजूला, रीलवर बोली लवकर हशा मिळवते म्हणून ती ठोकळेबाजही लवकर होते : दारू प्यायलेला गावकरी, भोळा शेतकरी, आरडाओरड करणारी बायको. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे आणि तिचे पेच इथल्या घराघरात माहीत आहेत. त्यांतून किती बारकाईचं लेखन होऊ शकतं! तरीही झिंगलेला माणूस तोच तो येत राहतो. बोलीला जागा मिळाली. तिच्यातल्या माणसांना पूर्ण माणूस म्हणून जागा मिळाली का, यावर लिहिणाऱ्यांमध्येच दुमत आहे.

श्रेय आणि मजुरी

विनोदाच्या मालकीबाबत कायदा काय म्हणतो, हे नव्या लेखकाला क्वचितच ठाऊक असतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणजे 'भाव न मिळालेला बाप' ही कल्पना कुणाचीच नाही, लिहून काढलेलं प्रहसन मात्र लेखकाचं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात आणखी एक दिलासा दिला. विश्वासानं वाहिनीला ऐकवलेली मालिकेची संकल्पना गोपनीयतेच्या तत्त्वाखाली राखली जाऊ शकते. पण इंटरनेटवर सगळ्यांसमोर टाकलेल्या गोष्टीला गोपनीयता कुठली? रीलमधून ओळख करून घेण्याची ही किंमत आहे.

२०१२ च्या दुरुस्तीनं लेखनाच्या पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा राखला. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन सदस्यांच्या संहितांची ऑनलाइन नोंदणी करते. नालवाडीत बसूनही ती करता येते. ही माहिती रील कसं व्हायरल करायचं या माहितीइतकीच पोरांपर्यंत पोहोचायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

नाव दिसल्यानं काय होतं, याचं सुंदर उदाहरण मराठी टीव्हीवरच आहे. 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. ती पत्रं अरविंद जगताप लिहायचे आणि प्रेक्षकांना ते माहीत होतं. पुढे 'पत्रास कारण की' या नावानं त्यांचं पुस्तक झालं आणि ऐकलेले शब्द लोकांनी विकत घेऊन वाचले. विनोदी कार्यक्रमात लेखकाचं नाव पुढे आणलं तर प्रेक्षक ते लक्षात ठेवतो, एवढं यावरून सिद्ध झालं.

मजुरीचा विषय निघाला की नालवाडीकराला विनोबा आठवतात. १९३२ च्या सुमारास ते इथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. दिवसभर कातून मिळणाऱ्या मजुरीवर कातणाऱ्याचं पोट भरतं का, हे त्यांनी इथे स्वतःवर अजमावून पाहिलं. लोकांना सूत कातायला सांगण्याआधी त्या सुतावर जगता येतं का हे बघणं त्यांना गरजेचं वाटलं. विनोदी लेखकाबाबत हाच प्रश्न आज उघडा आहे. यूट्यूबवरच्या जाहिरातींतून पूर्ण वाटा मिळवायला एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं ही अट आहे (किंवा शॉर्ट्सचा नव्वद दिवसांतला एक कोटी प्रेक्षणांचा पर्याय). ती पार झाली तरी पैसे वाहिनी चालवणाऱ्याच्या खात्यात येतात. वेगळा लेखक असेल तर त्याचा वाटा मालकाच्या इच्छेवर राहतो.

अजून न सुटलेलं

या सगळ्यातून काही गोष्टी बऱ्यापैकी ठरल्या आहेत. सोशल मीडिया नव्या लेखकाला दिसण्याची संधी देतं, बोलीला प्रेक्षक देतं आणि विनोदाचं बीज घोटायची जागा देतं. लांब लेखनाची तालीम ते देत नाही. ती रंगभूमीवर किंवा लेखकांच्या खोलीतच होते.

ठरायचं ते बरंच आहे. टीव्ही सोशल मीडियावरून लेखक निवडतो की फक्त चेहरे निवडून त्यांच्यासाठी जुन्याच लेखकांकडून लिहून घेतो? रीलखाली आणि प्रहसनाच्या सुरुवातीला लेखकाचं नाव देण्याची रीत रुजेल का? घरून लिहिणाऱ्या मुलींना खालच्या शेऱ्यांमधली घाण सोसल्याशिवाय हा रस्ता चालता येईल का? आणि यंत्र विनोद लिहायला लागल्यावर नवशिक्याची पहिली कामं उरतील का? २०२३ मध्ये अमेरिकेतले पटकथाकार १४८ दिवस संपावर होते आणि त्यांच्या मागण्यांत हा मुद्दा होता. मराठीत या प्रश्नांवर लेखकांची एकत्र बैठक व्हायला हवी. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अशा मांडवात विनोदी पटकथेसाठी एक सत्र ठेवणं अवघड नाही.

शेजारच्या पोट्ट्याला मी यातलं बरंच सांगितलं. उत्तर म्हणून त्याला काय पटलं, ते त्यानं बोलून दाखवलं नाही. संक्रांतीच्या सुमारास त्यानं नवा व्हिडिओ पाठवला, साडेसहा मिनिटांचा. या वेळी बापाचं काम त्याच्या मामानं केलं होतं आणि मांडववाल्याचं गल्लीतल्या एका पेंटरनं. तो स्वतः कुठेच दिसत नव्हता. पहिल्याच चौकटीत, मामाच्या खाटेच्या वर, ठळक अक्षरांत 'लेखन' असं लिहून खाली त्याचं नाव होतं.